आभाळाचं बोट

मी तळी आहे, मित्रांनो. जुनी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, श्रीवर्धन तालुक्यातल्या खारपाखाडी गावची. गावात मला थोरली तळी म्हणतात. धाकटी कुठे आहे असं विचारू नका. ती कधी नव्हतीच. थोरली म्हणवून घ्यायला धाकटी असावीच लागते, असं थोडंच आहे?

माझ्याकडे कुणी सहज म्हणून येत नाही, हे मी फार वर्षांपूर्वी ओळखलं. बगळा येतो तो माशासाठी. म्हैस येते ती अंग गार करायला, आणि जाताना माझं पाणी गढूळ करून जाते. परगावचे लोक समुद्रात डुंबून येतात, अंगावरचं खारं पाणी माझ्या पायरीवर धुतात, फोटो काढतात आणि वेफर्सची रिकामी पिशवी मला देऊन जातात. तेव्हा तुम्ही कशासाठी आलात ते आधी कळू द्या. गोष्ट ऐकायला आला असाल तर बसा. पाय पाण्यात सोडायचे असतील तर चपला वर काढून ठेवा.

मला खणलं ते पाच घरांनी. चार घरं पाखाडीच्या वस्तीतली, एक मुसलमान मोहल्ल्यातलं. डोंगरावरून उतरलेलं पावसाचं पाणी सरळ समुद्रात पळून जायचं आणि खालच्या सुपारीच्या वाड्या दिवाळीनंतर कोरड्या पडायच्या. त्या पाच घरच्या माणसांनी दोन उन्हाळे माती उपसली, दगड लावले, समुद्राच्या बाजूला बांध घातला. बांधाच्या पोटात पाणी सोडायला एक मोरी ठेवली आणि मोरीला लाकडी बूच बसवलं. बूच काढलं की पाणी पाटात, आणि पाटातून ज्याची पाळी असेल त्याच्या वाडीत. इतकं साधं काम होतं. पण माणसं एकमेकांना ओळखून होती, म्हणून त्यांनी माझ्या मधोमध एक दगडी खांब उभा केला आणि त्यावर बोट-बोट रुंदीच्या खाचा मारल्या. प्रत्येक वाडीने आठवड्याला एक बोट पाणी घ्यायचं. दर सोमवारी पाटकऱ्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाने, खांब बघायचा.

आता गंमत ऐका. पाच वाड्यांची पाच बोटं, पण खांबावर दर सोमवारी पाणी सहा बोटं उतरलेलं असायचं. तेव्हाही चोर-चोर म्हणून भांडणं झाली. शेवटी त्या म्हाताऱ्यांनी आठ दिवस बूच काढलंच नाही. सगळे पायरीवर बसून खांबाकडे बघत राहिले. बूच बंद, कुणी घागरसुद्धा बुडवली नाही, तरी आठ दिवसांत एक बोट गेलं. मग ते म्हणाले की हे आभाळाने नेलं. त्या दिवसापासून सहावी पाळी आभाळाची ठरली. आठवड्याला एक बोट आभाळाचं, त्यावर कुणी कुरकुर करायची नाही.

आभाळाला बोट कशाला द्यायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही कधी खुशीने दिलेलं नाही. सकाळी सूर्य येतो आणि माझ्या अंगात ऊब ओतत बसतो. फुकट देतो, असं लोक म्हणतात. फुकट देणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय आहे. शेजारची जमीन भोळी. ती दुपारपर्यंत तापून लाल होते आणि दिवेलागणीला सगळं देऊन गार पडते. मी तशी नाही. मी सावकाश घेते, खोलवर ठेवते आणि घेतलेलं धरून बसते. ऊन उतरून हवा गार झाली की मग एकेक थर सोडते. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बुडतं. त्याच्या खालचं उबदार पाणी वर येतं, तेही आपली ऊब हवेला देऊन खाली जातं. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटे माझ्या काठची पानवेल करपत नाही. गावच्या बायका पूर्वी धुण्याला येऊन म्हणायच्या, तळीचं पाणी कोमट लागतं. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

पण आभाळ नुसत्या उबेवर समाधान मानत नाही. त्याला पाणीही लागतं. कोरडा वारा माझ्या अंगावरून जातो आणि पाण्याचे बारीक कण उचलून नेतो. ते कण वाफ होऊन जाताना माझी ऊबही घेऊन जातात. पटत नसेल तर हात ओला करा आणि त्यावर फुंकर मारा. गार लागलं ना? आभाळ माझ्यावर रोज अशी फुंकर मारतं. म्हणून भर वैशाखातही माझ्या काठी उभं राहिलं की जिवाला बरं वाटतं. पावसाळ्यात हवा स्वतःच चिंब असते, तेव्हा तिला माझं फारसं काही उचलता येत नाही. बाकी वर्षभर तिची फुंकर चालूच.

माझ्या पूर्वेच्या काठावर उंडीची एकोणीस झाडं होती. जाड पानांची, दाट. डोंगराकडून समुद्राकडे जाणारा तो कोरडा मतलई वारा आधी त्या झाडांना धडकायचा आणि मग उरलासुरला माझ्यापर्यंत यायचा. मला ती झाडं मुळीच आवडत नसत. पानं गाळायची ती माझ्यात, आणि ती कुजली की वास माझ्या नावावर. शिवाय सकाळचा सूर्य मला अर्ध्या तासाने उशिरा दिसायचा.

मग पाच-सहा वर्षांपूर्वी ते वादळ आलं. एका दुपारीत किनाऱ्याच्या वाड्या आडव्या झाल्या. माझ्या काठची अकरा झाडं मुळासकट गेली. उरलेल्यांतली सहा गावाने तोडली. वाकली आहेत, उद्या बांधावर पडतील, असं कारण दिलं. मला वाटतं, फोटो काढायला जागा मोकळी हवी होती. राहिली दोन. ती त्याच काठाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, तिथे राहणाऱ्या नीराबाईच्या अंगणात होती आणि नीराबाईने तोडणाऱ्यांना अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

मी काय केलं? मी खूश झाले. पहिल्यांदा मला आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसलं. अंगावर लाटा उठायला लागल्या, ऊन चमकायला लागलं. मी म्हटलं, आता कुठे तळी शोभते.

पुढची काही वर्षं खांबाकडे कुणी बघितलं नाही. वाड्याच उरल्या नव्हत्या तर पाळ्या कसल्या? लोकांनी नवी रोपं लावली आणि ती कळशीने शिंपली. घरोघरी नळ आले होते, त्यामुळे धुण्याला बायका येईनात. पायऱ्यांवर शेवाळ चढलं. मी म्हटलं, न येवोत. पण सोमवारी चुकल्यासारखं वाटायचं.

या वर्षी रोपं माणसाच्या डोक्यावर गेली, कळशी पुरेना, आणि दिवाळीनंतर पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. पाटकरी भागोजी. याचा आजाही पाटकरी होता. भागोजी सहा दिवस बोर्लीपर्यंत टमटम चालवतो आणि सोमवारी पाटकरी असतो. पहिल्या सोमवारी तो पोहत खांबापर्यंत गेला, खाचा मोजल्या, परत मोजल्या आणि पायरीवर येऊन बसला.

वरच्या पायरीवर नीराबाई बसली होती. पहिल्या वाडीची मालकीण, गावातली सगळ्यात वडील बाई. तिचा शब्द खाली पडत नाही, कारण तो उचलायला कुणी वाकायच्या आत ती दुसरा बोलते. तिने विचारलं, किती?

"सात हायत, काकी."

"सहा."

"सात. चार येळा मोजली."

"तुझी बोटं बारीक झाली असतील. टमटमचं हँडल धरून धरून."

"खाच दगडाची हाय, काकी. माझ्या बोटाचा काय संबंध?"

पहिला संशय बुचावर. भागोजीने बुचाला काथ्या गुंडाळला, मेण लावलं. पुढच्या सोमवारी पुन्हा सात. मग संशय भागोजीवर, की मोरी वेळेवर बंद करत नसेल. त्याने रागाने बुचाला कुलूप घातलं आणि किल्ली नीराबाईच्या पुढ्यात टाकली. पुन्हा सात. आता संशयाला माणूस हवा होता, आणि माणूस सापडला.

पाचवी वाडी नसीबाची. माझ्या बांधाला अगदी लागून, सगळ्यात खाली. मुलगा तबरेज आखातात नोकरीला, नवरा वारलेला, वाडी ती एकटी बघते. वादळात तिचं एक झाड उभं राहिलं नव्हतं. तिने चाळीस रोपं लावली आणि पाच वर्षं लेकरासारखी वाढवली. यंदा त्यातल्या दोन-चार रोपांना पहिला फुलोरा दिसला होता. तिच्या बाजूला बांधाच्या पायथ्याशी नेहमी ओल असायची. तिचं म्हणणं, घरच्या भांड्यांचं आणि वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी ती तिथल्या केळीला सोडते. नीराबाईचं म्हणणं, केळ एवढं पाणी पीत नाही.

मित्रांनो, माझाही संशय नसीबावरच होता. गळती मला आतून जाणवत नव्हती, पण वय झालं की सगळंच कुठे जाणवतं? मी मनात म्हटलं, हिने बांधाखालून नळी घातली असणार. गोड बोलते, खाली बघून चालते, म्हणजे नक्कीच.

नीराबाईने निवाडा दिला की नसीबाची पाळी बंद. चार वाड्यांची चार आणि आभाळाचं एक, पाच बोटं उतरायला हवीत. सोमवारी सहा उतरली. नसीबाला थेंब मिळाला नव्हता, तरी एक बोट जास्तीच. यावरून नसीबा निर्दोष, असं एखाद्याला सुचलं असतं. पाखाडीला सुचलं ते असं की पाळी बंद केली तरी ही बाई थांबत नाही. म्हणजे चोरवाट जमिनीखालून आहे. ठरलं की बोर्लीहून जेसीबी आणायचा, बांधाच्या पायथ्याने चर मारायचा आणि नळी बाहेर काढायची. चर मारायचा तो नसीबाच्या रोपांच्या पहिल्या दोन ओळींतून. अठरा रोपं. पुढचा सोमवार नक्की झाला.

रविवारी दुपारी नसीबा आली. बरोबर तिचा दीर इसहाक, मासेमारी करणारा. त्याच्या डोक्यावर लग्नातल्या बिर्याणीचा मोठा टोप होता, पन्नास माणसांचा, उभ्या काठाचा. टोप बघून नीराबाईने विचारलं की आज कुणाचं लग्न.

नसीबा पायरीवर बसली नाही. उभी राहिली. म्हणाली, "काकी, आभाळाचं बोट तुम्ही किती धरता?"

"एक. तुझ्या सासऱ्यानेही एकच धरलं. त्याच्या बापानेही."

"मोजलं कुणी कधी? त्यानंतर?"

"मोजायचं काय त्यात? ठरलेलं आहे."

"मग मी मोजते. वादळाआधी माझी धुतलेली चादर सांजेपर्यंत ओली असायची. आता दुपारच्या नमाजाआधी वाळत टाकली की जेवायच्या आधी वाळून काठी होते. चादरीतलं पाणी पण मीच चोरते का?"

मला तो प्रश्न आवडला नाही.

तिने सांगितलं ते असं. टोपाला बांध नाही, मोरी नाही, बुडाखाली नळी जायला जागा नाही. तो पाण्याने भरून तळीवर तरंगत ठेवायचा. आठ दिवसांत त्यातून जेवढं जाईल तेवढं आभाळाचं. तोवर चर मारू नका. नंतर हवं तर सगळी वाडी खणा.

नीराबाईने टोप पायरीवर ठेवायला लावला, काठोकाठ भरायला लावला आणि बूड पदराने पुसून अर्धा तास बघत बसली. एक थेंब गळला नाही. मग म्हणाली, कावळे पितील. इसहाकने मासळीचं जुनं जाळं वरून ताणून बांधलं. मग म्हणाली, लाट आत जाईल. त्याने केळीच्या चार खांबांचा चौकोनी तराफा केला, टोपात काठाखाली वीतभर जागा सोडून पाणी ठेवलं, तो तराफ्याच्या मधोमध बसवला आणि काथ्याने माझ्या खांबाला बांधला. आत एक रेघ ओढली. आता म्हणण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून नीराबाई म्हणाली, "आठ दिवस. नववा नाही."

आणि पाळी? पाळी बंदच राहिली. चोरी नाही असं ठरल्याशिवाय चोराला पाणी कसं द्यायचं? नसीबा तिच्या मचूळ विहिरीतून कळश्या भरायची आणि रोपांच्या मुळाशी ओतायची. सुपारीला खारट पाणी मानवत नाही. पानं टोकाकडून पिवळी व्हायला लागली. बांधावरून मला ती रोज दिसत होती.

टोपाचा मला फार राग आला. माझ्या अंगावर माझ्याच मापाला बसवलेला पाहुणा. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगराकडून वारा सुटला, कोरडा, धारदार, मध्ये अडवायला काही नाही. मी दिवसभराची ऊब घेऊन बसलेली, वरची हवा थंडगार. माझ्या अंगावरून पांढरी वाफ उठायला लागली आणि समुद्राकडे वाहायला लागली. हे दर हिवाळ्यात होतं, त्यात नवं काही नाही. मग मी टोपाकडे बघितलं. त्याच्यातूनही वाफ उठत होती. माझ्यासारखीच, त्याच वाऱ्यात, त्याच दिशेने. नळी नाही, मोरी नाही, नसीबा अजून घरात.

मित्रांनो, मी एवढी जुनी, एवढ्यांना ओळखून असलेली, आणि माझंच एक बोट मी स्वतःच्या हाताने उधळत होते. उंडी गेल्या तेव्हा मी खूश झाले होते. अंगावर लाटा उठतात म्हणून मिरवत होते. त्या लाटाच तर वारा माझ्यातून उचलून नेत होता. चोर शोधायला सगळा गाव बांधाखाली वाकून बघत होता आणि चोरी वरून, उघड्यावर, दिवसाढवळ्या चालली होती, तीही माझ्या संमतीने.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं का? ते मी सांगत नाही.

सोमवारी भागोजीने टोप काठावर ओढून आणला. रेघेपासून पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. त्याने आपली दोन बोटं आत घालून दाखवली. लोक नीराबाईकडे बघायला लागले.

ती म्हणाली की टोप नसीबाचा, रेघ नसीबाच्या दिराची. माप घ्यायचं तर माझ्या भांड्याने. तिने घरून तांब्याचं घंगाळ आणलं, आपल्या आजेसासूच्या वेळचं, घासून लखलखीत केलेलं. तेही तराफ्यावर बसवलं, जाळं बांधलं. पण ते तिला घरातून दिसायला हवं होतं, म्हणून आपल्या अंगणासमोरच्या कोपऱ्यात बांधलं. टोप खांबाशी, घंगाळ कोपऱ्यात. आणखी आठ दिवस. नसीबाने एवढंच विचारलं की तोवर पाळी द्याल का. नीराबाई घंगाळाच्या गाठी तपासायला वळली. त्या आठवड्यात तिची चार रोपं मेली.

पुढचा सोमवार. टोपातून दोन बोटं गेली. घंगाळातून एक.

नीराबाई उभी राहिली. घंगाळ दोन्ही हातांनी धरून तिने सगळ्यांना आत बघायला लावलं. "आभाळाचं एकच आहे. माझ्या घंगाळाने सांगितलं. आता तिच्या टोपातलं दुसरं बोट कुठे गेलं ते तिला विचारा." कुणीतरी लगेच जेसीबीवाल्याला फोन लावायला खिशात हात घातला.

मी काय सांगू, मित्रांनो. घंगाळ खोटं बोलत नव्हतं, टोपही खोटं बोलत नव्हता. आणि ज्या कोपऱ्यात घंगाळ होतं तिथे वरून दोन उंडी वाकून उभ्या होत्या. माझ्या इतक्या मोठ्या अंगावर तेवढाच एक कोपरा राहिला होता जिथे सकाळी लाट उठत नाही.

नसीबाने आवाज चढवला नाही. म्हणाली, "जागा बदला. टोप तुमच्या दारात बांधा. घंगाळ माझ्या जागी."

नीराबाई म्हणाली, "कशाला?"

"तुमचं भांडं खरं असेल तर कुठेही खरंच राहील की."

आता याला नाही म्हणायचं तर घंगाळावर विश्वास नाही असं होतं. नीराबाई अडकली. तेवढ्यात भागोजी बोलला, जो तिच्यासमोर कधी जास्त बोलत नाही. "एक सोमवार अजून, काकी. जेसीबी काय पळून जात न्हाय."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब आठवडा. घंगाळ मधोमध वाऱ्यात हेलकावत होतं आणि नीराबाई रोज चार-चार वेळा काठावर येत होती. तिला कोपऱ्यातला टोप बघायचा असायचा, की त्यात कुणी पाणी ओतत तर नाही. पण उभं राहून ती बघायची घंगाळाकडे. पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्या पूर्वेच्या काठावर गेली. तिथे तोडलेल्या उंडीचे बुंधे अजून आहेत. त्यांच्यामध्ये ती उभी राहिली आणि तिचा पदर डोक्यावरून उडाला. तिने धरला, पुन्हा उडाला. मग ती चालत आपल्या अंगणासमोर आली, झाडांच्या खाली. पदर खांद्यावर पडून राहिला. तिला काय कळलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला दिसलं.

सोमवारी सगळा गाव पायऱ्यांवर होता. शेवाळावरून दोघं घसरले, तरी बसले. भागोजीने आधी कोपऱ्यातला टोप आणला. एक बोट. मग घंगाळ. त्याने बोटं आत घातली आणि नीराबाईकडे बघितलं.

"बोल की," ती म्हणाली. "माझ्या भांड्याला काय लाजतोस?"

"दोन हायत, काकी."

इसहाक जाळ्याची गाठ सोडत होता, त्याने हात थांबवले. नसीबा खाली उभी होती, तिच्या वाडीच्या कडेला. आणखी पाच रोपं त्या आठवड्यात गेली होती. चाळिसातली नऊ.

नीराबाईने घंगाळातलं पाणी माझ्यात ओतलं, घंगाळ पालथं घातलं आणि त्यावर हात ठेवून बसली. म्हणाली की माझ्या अंगणातली दोन झाडं मी तोडू दिली नाहीत तेव्हा याच गावाने मला खडूस म्हटलं होतं. आता तेवढंच तिच्याकडे उरलं होतं, तर तिने ते बोलून घेतलं. मग भागोजीला म्हणाली, "खांबावर आभाळाच्या नावे दुसरी खाच धर. आज पाळी कुणाची?"

"तुमची, काकी."

"मोरी उघड. पाणी नसीबाच्या पाटात जाऊ दे."

भागोजीने बूच काढलं. पाणी पाटात पडलं तो आवाज मी अनेक वर्षं ऐकत आले आहे, पण त्या दिवशी मी जरा जोरातच सुटले.

नसीबाने पाणी आपल्या वाडीत शिरताना बघितलं. वर बघून म्हणाली, "नऊ रोपं गेली, काकी."

"दिसतात मला," नीराबाई म्हणाली. तिने माफी मागितली नाही. तिला येतच नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या वाडीतली पाच वर्षांची नऊ रोपं मुळाची माती न सांडता खणून निघाली आणि नसीबाच्या कुंपणाशी ठेवलेली सापडली. ती जगतील की नाही हे पावसाळ्यानंतर कळेल. एवढी वाढलेली रोपं हलवली की बहुतेक दगावतात. दोघींनाही ते माहीत आहे.

आता माझ्या पूर्वेच्या काठावर उंडीच्या बिया टाकल्या आहेत, त्याच दोन झाडांच्या. वितीएवढी रोपं झाली आहेत. वारा अडवायला त्यांना पंधरा वर्षं लागतील. तोवर आभाळाची दोन बोटं, आणि प्रत्येक वाडीने त्यासाठी आपल्या बोटातलं थोडं थोडं सोडायचं ठरलं आहे. सोडतात, पण दर सोमवारी प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाटाकडे बघत असतो. तो स्वभाव झाला. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही बघत असते.

उंडीची पानं पडतील, कुजतील, सूर्य पुन्हा उशिरा दिसेल. पडू देत.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी तळी असेल, विहीर असेल, पाण्याची टाकी असेल. तिचं पाणी उतरलेलं दिसलं तर आधी मान वर करा. वारा कुठून येतो बघा, सावली कुठे होती आणि आता कुठे गेली ते आठवा. जुन्या माणसांनी ठरवलेलं माप जुन्या झाडांच्या सावलीत घेतलेलं असतं, झाड गेलं की ते परत घ्या. आणि एवढं करूनही शेजाऱ्यावर संशय घ्यायचाच असेल, तर त्याच्या दारात भांडं घेऊन जा. कुदळ घेऊन नका जाऊ.

नीराबाईचं घंगाळ तिच्या घरी गेलं, घासलं गेलं, फळीवर बसलं. नसीबाचा टोप मात्र अजून माझ्या खांबाला बांधलेला आहे. मध्यंतरी मोहल्ल्यात लग्न होतं, तेव्हा पन्नास माणसांसाठी तिने दुसऱ्याचा टोप मागून आणला. भागोजीने विचारलं, आता तरी हा घरी नेता का, निवाडा केव्हाच झाला. ती म्हणाली, राहू दे तिथेच.